ज्या वर्गाला मी बसलो

माझं शिक्षण सहावी नापास. हे आधीच सांगून टाकतो, म्हणजे मागून कुणी उकरून काढायला नको. पण त्याच दमात हेही सांगतो, की डिफरन्शियल इक्वेशन नावाचा कॉलेजातला जो विषय आहे, त्याचे सुरुवातीचे तास मी वर्गात बसून ऐकलेले आहेत, आणि बसायला लागल्यापासून एकही चुकवलेला नाही. परवा सुट्टीत माझी नात घरी आली होती. ती धुळ्याला इंजिनिअरिंग शिकते, माझ्या बहिणीकडे राहून. तिचं पुस्तक झोक्यावर उघडं पडलं होतं. मी चष्मा पुसून पाहिलं अन् म्हणालो, "हे गरम वस्तू निवायचं गणित दिसतंय." ती हसायलाच लागली. म्हणाली, "आजोबा, कुणी सांगितलं तुम्हाला?" मी म्हणालो, "सांगितलं नाही, शिकलोय." तिला वाटलं म्हाताऱ्याचं डोकं फिरलं. तिनं लगेच धुळ्याला फोन लावला, सगळ्यांना ऐकू येईल असा. पलीकडून सुमन, म्हणजे माझी धाकटी बहीण, म्हणाली, "खरं बोलू राह्यला तो. त्याले विचार, बाप जिवंत असताना मिशी काहून काढली होती." मग पोरगी हटूनच बसली, की हे लिहून ठेवा. हट्टाला ती माझ्यावर गेली आहे. म्हणून लिहितो.

तेव्हा मी जळगावला मामाच्या केळी पिकवायच्या खोलीवर कामाला होतो. ओठावर मिशी नुकती धरली होती, तिला मी रोज खोबरेल लावायचो. आता केळी गारेगार खोल्यांत गॅसवर पिकतात, तेव्हा तसं नव्हतं. विटांची एक बिनखिडकीची खोली. तिच्यात हिरवे घड छातीइतके उभे रचायचे, वरून केळीचा वाळला पाला पांघरायचा, कोपऱ्यात मडक्यात गोवऱ्या अन् भुसा धुमसत ठेवायचा, दार लावून फटी चिखलानं लिंपून टाकायच्या. एका दिवसानं दार फोडलं की आतून जो गोडसर कोंदट वाफारा तोंडावर येतो, तो मला आजही कुठं पिकलं केळं सोललं की आठवतो. दार केव्हा फोडायचं हे घड्याळ सांगत नाही. लिंपलेल्या दाराला तळहात लावायचा. मामा म्हणायचा, "हाताले विचार." माझा हात दोन वर्षांत इतका तयार झाला होता, की मामा गावाला गेला तर व्यापारी मला विचारून गाडी लावायचे. एवढा मान मला पुढं पुष्कळ वर्षं कुणी दिला नाही.

त्या खोलीच्या मागं आमची एक लहान खोली होती, पत्र्याची. मधली भिंत एकच. त्यामुळं थंडीत आमची भिंत उबदार असायची, आणि सुमन नेहमी त्या भिंतीला पाठ लावून अभ्यासाला बसायची. ती बी.एस्सी.च्या दुसऱ्या वर्षाला होती. आमच्या गावातून कॉलेजात गेलेली पहिली पोरगी. ती पाठ करताना पाय हलवायची, अन् तिच्या पायातले पैंजण वाजायचे, अगदी बारीक. तो आवाज थांबला की मला कळायचं, अडलं काहीतरी. सकाळी सकाळी ज्वारी-उडदाच्या कळण्याच्या भाकरी थापल्याचा आवाज, शेजारच्या अंगणात हापशाचा, आणि मधे मधे ते पैंजण. त्या खोलीत बसायला खुर्ची नव्हती, पण तिच्यासारखं भरलेलं घर मी नंतर पाहिलं नाही.

सुमनला जळगावला मीच आणलं होतं. आमचा बाप, त्याला सगळं गाव आबा म्हणायचं अन् आम्हीही आबाच म्हणायचो, पोरीला शहरात ठेवायला तयार नव्हता. मुक्ताईनगरजवळ आमचं गाव. मुक्ताईनगरला तेव्हा एदलाबादच म्हणायचे. ओट्यावर चारचौघांत बोलणं झालं. आबा म्हणाला, "एका बी विषयात नापास झाली, तं दुसऱ्या दिवशी पोरगी घरी. मंजूर?"

मी म्हणालो, "मंजूर. नापास झाली तं मी मिशी काढून तुह्या पुढं उभा राहीन."

"अगोदर नीट येऊ तं दे," आबा म्हणाला, अन् ओट्यावरची सगळी माणसं खोकेस्तोवर हसली. ते हसणं माझ्या मनात राहिलं. सुमनच्या अभ्यासाला त्या दिवसापासून माझी मिशी बांधलेली होती.

दिवाळीनंतर सुमनला कावीळ झाली. डोळे हळदीसारखे. डॉक्टर म्हणाला, दीड महिना अंथरुणावरून उठायचं नाही, अन् तेलाचा थेंब चालायचा नाही. गावाहून माय आली. ज्वारीच्या लाह्या, ताक, उसाचा रस, भगरीची पेज. नेमके ते वांग्याच्या भरताचे दिवस. शेजारी रोज कुणीतरी कपाशीच्या काड्या पेटवून हिरवी वांगी भाजायचं, आणि तो वास आमच्या पत्र्याखाली येऊन थांबायचा. सुमन तोंड भिंतीकडं करून पडायची. मायनं माझ्यापुरतं भरीत केलं, वर कांद्याची पात, मिरचीचा ठेचा, तेलाचा तवंग. मी ताट सरकवलं. म्हणालो, "ती खाईल तवा मी खाईन." माय म्हणाली, "तुले का कावीळ झाली?" मी म्हणालो, "नाही झाली. पन खात नाही." माय म्हणाली, "बापावर गेला मेला," आणि मलाही पेज वाढली. दीड महिना मी घड उचलले ते पेजेवर. मामाला वाटलं मला काही मोठा आजार झाला.

सुमन रडायची ती भरतासाठी नव्हे. ती म्हणाली, "भाऊ, बाकीचं मी पुस्तकावरून करीन. रसायन तं पाठांतराचं शे असं नाना शिपाईबी म्हनतो." हे शेवटचं तिनं कॉलेजातल्या त्या नानाच्या बोलीत म्हटलं, नक्कल करून. "पन डिफरन्शियल इक्वेशन आताच सुरू झालं. ते सरांनी फळ्यावर केल्याबिगर मले कळनार नाही. हे गेलं तं मी गेली."

वर्गात मुली दोनच. दुसरी भुसावळहून यायची, ती दहा दिवसांतून एकदा. मुलांच्या वह्या मागायच्या तर माय ते होऊ देणार नव्हती. मी विचारलं, "तास कवा असतो?" ती म्हणाली, "सकाळी साडेसातले, पहिला." माझं काम दहाला सुरू व्हायचं. मी म्हणालो, "मंग मी जातो. फळ्यावर असंल ते लिहून आनतो." मला लिहायची भीती नव्हती. घडांवर अन् रेल्वेच्या वाघिणींवर खडूनं स्टेशनाची इंग्रजी अक्षरं मीच काढायचो. काय लिहिलंय ते कळो न कळो, अक्षर मोत्यासारखं.

पहिल्या दिवशी मी वर्गात शिरलो नाही. मागच्या खिडकीशी बाहेर उभा राहिलो, वही भिंतीला टेकवून. सर उंच, बारीक, कोटाच्या बाह्या खडूनं पांढऱ्या. मी चार ओळी उतरवल्या असतील, तेवढ्यात मागून खांद्यावर हात पडला. नाना शिपाई. पारोळ्याकडचा माणूस.

"कोन शे रे तू? आठे खिडकीमां काय करी ऱ्हायना?"

मी खरं ते सांगितलं. त्यानं माझी वही घेतली, उलटी धरली, सुलटी धरली. म्हणाला, "बठ्ठं लिखी लिधं का?"

"नाही, अर्धं राहिलं."

"मंग आठे उभा कसाले? मधमां जा, मांगला बाकवर बस. सर फळाकडे देखतस, पोरेसकडे नई."

असा माझा कॉलेजात प्रवेश झाला.

फळ्यावर जे होतं ते सगळं मी आणलं. एक रेघ सोडली नाही. सुमन उशीला टेकून वाचायला लागली, अन् दोन दिवस तिच्या कपाळावरची आठी हलेना. तिसऱ्या दिवशी म्हणाली, "भाऊ, हे वरच्या कोपऱ्यातलं काय हाये? हा षटकोन. मधी रेघा. याचा अन् समीकरनाचा संबंध मले लागूनच नाही राह्यला."

मी म्हणालो, "मले काय माहीत? फळ्यावर होतं."

"सरांनी काढलं?"

"नाही. सर यायच्या अगोदरपासून होतं."

आदल्या दिवशीच्या रसायनाच्या तासाचं चित्र होतं ते, कुणी पुसलं नव्हतं. सुमन दोन दिवस त्या षटकोनाला इक्वेशनात बसवत होती. ती डोक्यावर पांघरूण घेऊन हसली की रडली ते मला कळलं नाही. मग बाहेर तोंड काढून म्हणाली, "भाऊ, नुसता फळा नाही चालनार. सर तोंडानं काय बोलतात ते मले सांग."

आता हे मात्र मला जमण्यासारखं होतं. लहानपणी सप्त्यात कीर्तन ऐकून आलो की मी ते दुसऱ्या दिवशी गुरांपुढं जसंच्या तसं म्हणायचो. मी सरांचं तसंच करायला लागलो. कामावर जाण्याआधी सुमनच्या खाटेपाशी उभं राहायचं, कोळशानं भिंतीवर लिहायचं, आणि सरांच्या आवाजात, त्यांच्या खोकल्यासकट, सगळा तास पुन्हा घ्यायचा. "तर मंडळी, ही राशी किती आहे हे आपल्याला ठाऊक नाही. ती किती वेगानं बदलते एवढंच ठाऊक आहे. त्यावरून ती शोधायची." खोकला. "कळलं का?" माय भाकरी थापता थापता म्हणायची, "नाही कळलं," आणि सुमन म्हणायची, "माय, चूप व! मले कळू राह्यलं."

पण रोज रोज दुसऱ्याचे शब्द तोंडात घेतले की ते जरा आपलेही होतात. मला प्रश्न पडायला लागले. सहावीत अपूर्णांक झालेले होते, ते माझे पक्के होते. मी सुमनला विचारलं, "हे डी वाय बाय डी एक्स. वर डी, खाली डी. कापून काहून टाकत नाही सर?"

सुमन म्हणाली, "कापता येत नाही भाऊ. तो अपूर्णांक नाही. ते सगळं मिळून एकच चिन्ह हाये, जोडलेलं. तोडायचं नसते."

मी म्हणालो बरं. दुसऱ्या दिवशी वर्गात सरांनी काय करावं? खालचा डी एक्स उचलला अन् सरळ बरोबरच्या पलीकडं नेऊन ठेवला. मी घरी येऊन चपला न काढताच ओरडलो, "सुमन! तुह्या सरांनी आज तोडलं! जोडलेलं होतं म्हनत होती नं तू?"

सुमन इतकी हसली की मायनं येऊन तिची पाठ चोळली. आजारपणातलं तिचं ते पहिलं हसणं. मग तिनं मला ते चालतं का, कधी चालतं, हे समजावलं. सगळं कळलं असं मी खोटं सांगणार नाही. परवा नातीला विचारलं तर ती म्हणाली, "आजोबा, आम्हाला पण असंच सांगतात." म्हणजे इतक्या वर्षांत त्यात काही सुधारणा नाही.

मग तो दिवस आला. सर म्हणाले, "समजा, कपात गरम चहा आहे." वर्ग जरा जागा झाला. चहा जितका जास्त गरम, तितका भराभर निवतो. निवत आला की निवण्याचा वेगही कमी होतो. म्हणजे वेग हा कशावर, तर चहा आणि बाहेरची हवा यांच्यातल्या फरकावर. सरांनी ते एका ओळीत लिहिलं. मी ती ओळ उतरवली, अन् उतरवता उतरवता माझ्या हाताला एकदम कळलं. अक्षरानं नव्हे, हाताला. लिंपलेल्या दाराला लावतो त्या तळहाताला. मला वाटलं, अरे, हे तर मला माहीत आहे! इतके दिवस मी दुसऱ्याचं ओझं वाहत होतो, त्या ओझ्यात माझंच काही निघालं. सर पुढं म्हणाले, "गरम वस्तू कुठलीही घ्या, बंद खोली घ्या, हाच नियम. शेवटी ती बाहेरच्या हवेइतकी होणार."

"नाही हो सर," मी म्हणालो.

मी उठून बोललो हे मलाच नंतर कळलं. सगळी डोकी मागं वळली. सरांनी खडू खाली ठेवला.

"रोल नंबर?"

"नाही सर."

"नाही म्हणजे?"

"मी बहिणीच्या जागी बसतो. तिला कावीळ आहे. मी केळीच्या खोलीवर कामाला आहे."

पोरं जी हसली! बाकं वाजवली. माझे कान तापले, पण खाली बसणं माझ्या स्वभावात नाही. सर पोरांवर ओरडले नाहीत, नुसते थांबले, हसू संपेपर्यंत. मग म्हणाले, "केळीच्या खोलीचं काय?"

मी म्हणालो, "सर, ती अशी निवत नाही. जाळ काढून घेतला तरी खोली गरमच राहते. केळं पिकताना त्याच्या अंगची ऊब असते. हात लावून पाहा. आपण बाहेरून काही न देताही तो माल आतून तापत असतो. म्हणून आम्ही घड मोकळे करतो, हवा देतो. माल आत आहे तोवर खोली बाहेरच्या हवेइतकी कधीच होत नाही. थोडी वरच थांबते."

सरांनी खडू परत उचलला. मग फळ्याकडं वळले आणि त्या ओळीच्या शेवटी अधिकचं चिन्ह काढून एक अक्षर लिहिलं. म्हणाले, "हे केळ्यांचं." मग ते गणित त्यांनी पुढं सोडवत नेलं, एक फळा, दुसरा फळा, आणि शेवटी आलेल्या उत्तराखाली दोन रेघा मारून पोरांना म्हणाले, "खोली बाहेरच्या हवेपेक्षा थोडी वर थांबते. हे या गृहस्थांनी आपल्याला आधीच सांगितलं. आपण दोन फळे खर्च केले." आता कुणी हसलं नाही. मी मात्र घाम पुसत पुसत ते दोन्ही फळे उतरवून घेतले. सुमनला द्यायचे होते.

तास सुटल्यावर सरांनी थांबवलं. मला वाटलं आता बाहेर काढतात. ते म्हणाले, "उद्यापासून पुढं बसा. मागून फळा चमकतो." आणि दोन दिवसांनी, संध्याकाळच्या वेळी, सायकलवर आमच्या खोलीवर आले. रुमालात गुंडाळून प्रयोगशाळेतला तापमापक आणला होता. केळ्यांच्या खोलीत कोट काढून, घडांच्या मधे हात घालून त्यांनी तो धरला, आकडे लिहिले, आणि माझ्या हाताचा अंदाज अन् त्यांचा पारा जुळला तेव्हा लहान पोरासारखे खूष झाले. मग सुमनची वही पाहिली. माझं अक्षर, तिची बारीक टिपणं, भिंतीवरचा कोळसा. पहिल्या पानावर तो षटकोन पाहून ते एवढे हसले की खोकला आवरेना. मायनं पाणी दिलं आणि मला हळूच विचारलं, "हेच का ते खोकल्याचे सर? तू तं हुबेहूब करतो." सुमनची हजेरी कमी पडत होती. सर म्हणाले, डॉक्टरांचा कागद द्या, बाकीचं मी बोलतो. "हजेरी लागत नाही, पण एवढा अभ्यास वर्गातल्यांचाही नाही."

सुमन बरी झाली, माय गावाला परतली. सुमन परीक्षेला बसली. पेपराला जाताना मी तिला सायकलवर मागं बसवून नेलं, अजून तिच्या पायात बळ नव्हतं. डिफरन्शियल इक्वेशनच्या पेपरावरून ती बाहेर आली तेव्हा लांबूनच पैंजण ऐकू आले. धावत येत होती.

निकाल लागला त्या दिवशी मी कॉलेजच्या फाटकाशी उभा होतो. ती आली ती चालत. तोंड पांढरं. गणितात कॉलेजात पहिली. रसायनात सात मार्कांनी नापास.

"भाऊ," ती म्हणाली, "ज्या वर्गाला तू बसला त्याच्यात मी पहिली आली. जे मी घरी बसून पुस्तकावरून केलं, त्याच्यात गेली." आणि मग रस्त्यातच, माणसांत, माझ्या सदऱ्यात तोंड घालून रडली. ऑक्टोबरात तो एक विषय पुन्हा देता येत होता, तिसरं वर्षही सुरू करता येत होतं. पण ते कॉलेजच्या नियमात. आबाच्या नियमात एक विषय म्हणजे सगळं.

मी तिला म्हणालो, "चाल घरी. आबाले आपनच सांगू. आबाच्या अगोदर कोनाले एक शब्द बोलायचा नाही." आणि वाटेत न्हाव्याकडं थांबलो. खुर्चीत बसून म्हणालो, "मिशी काढ." तो ओळखीचा. त्याचा हात थबकला. हळू आवाजात म्हणाला, "आबा कधी गेले?" मी काही बोललो नाही. ठरलं होतं, आबाच्या आधी कुणाला नाही. त्यानं डोळे पुसले आणि वस्तरा लावला. डोक्यावर माझी टोपी होती, ती मी काढली नाही, म्हणून केस शाबूत आहेत हे पुढं कुणाला दिसलं नाही.

इथं माझ्या हट्टानं घोटाळा केला, हे मी आज कबूल करतो. आमच्याकडं मिशी बाप गेल्यावरच काढतात, हे मला काय ठाऊक नव्हतं? होतं. पण मी शब्दाचा पक्का, माझ्या डोक्यात पैजेची मिशी तेवढी होती. एस.टी.त आमच्या गावचे दोघं होते. त्यांनी माझ्याकडं पाहिलं, रडून डोळे सुजलेल्या सुमनकडं पाहिलं, आणि उठून आम्हाला जागा दिली. कुणी काही विचारलं नाही. मीही सांगितलं नाही. गावच्या फाट्यावर उतरलो तर ते दोघं अन् फाट्यावरची माणसंही आमच्या मागं, माना खाली घालून. आमच्या गल्लीच्या तोंडाशी काशीमावशी शेंगा निवडत बसली होती. तिनं मला पाहिलं, सूप टाकून दिलं अन् हंबरडाच फोडला. "सकायी तं वावरात जाताना पाह्यला व माय त्याले! धडधाकट होता व!" त्या आवाजानं गल्लीतली सगळी घरं बाहेर आली. माय दारात आली, हाताला पीठ. माझा ओठ पाहून ती जागीच खाली बसली. "वावरात! काय झालं वावरात?"

मी म्हणालो, "माय, काही नाही झालं, आबा कोठी हाये?"

पण तोवर ऐकतंय कोण. अर्धं गाव वावराच्या वाटेला लागलं होतं, मी पुढं पळतोय, सुमन मागं. आबा केळीला पाणी देत होता. धोतर वर खोचलेलं, हातात फावडं. एवढी माणसं रडत पळत येताना पाहून त्यानं फावडं टाकलं, डोक्याचं फडकं काढून हातात घेतलं, आणि घाबऱ्या आवाजात विचारलं, "कोन गेलं रे?"

कुणीतरी मागून म्हणालं, "तुमीच, आबा."

आबानं माझ्याकडं पाहिलं. माझ्या ओठाकडं पाहिलं. पाणी वाफ्यातून फुटून त्याच्या पायांवरून वाहत होतं. मी ओट्यावर बोलल्याप्रमाणं त्याच्यापुढं जाऊन उभा राहिलो.

"आबा, सुमन रसायनात नापास झाली. सात मार्कांनी."

त्यानं हातातलं फडकं आवळलं. मला वाटलं रागच. पण तो हसायला लागला. बांधावर बसून, मांडीवर हात मारून, डोळ्यांत पाणी येईस्तोवर हसला. गावही हसायला लागलं, काशीमावशी रडता रडताच हसायला लागली. सुमन तेवढी चिखलात उभी, हात जोडून. आबाचं हसू ओसरलं. त्यानं फडक्यानं तोंड पुसलं आणि तिच्याकडं वळून म्हणाला, "तो परत पेपर कवा असतो?"

"ऑक्टोबरात," सुमन म्हणाली. "पन आबा, तुमची अट होती..."

"आज गावानं मले मारलं," आबा म्हणाला. "मेलेल्या मानसाची अट कोन धरते? जा, अभ्यास कर." मग मला म्हणाला, "आन् तू ते वाफ्याचं पानी वळव अगोदर. केळी बुडवतो का माही?"

रसायन तिनं ऑक्टोबरात काढलं. त्या वेळी मी सरांना विचारून रसायनाच्या तासालाही बसलो, पण त्यात मला काही समजलं नाही, अन् षटकोन तर आजही समजत नाही. सुमन पुढं धुळ्याला कॉलेजात गणित शिकवायला लागली, निवृत्त होईपर्यंत. दर वर्षी चहाचा कप झाला की ती केळीची खोली घ्यायची, असं तिचे विद्यार्थी मला सांगतात. माझी मिशी दोन महिन्यांत परत आली, आधीपेक्षा दाट.

आबा खरोखर गेला तो बऱ्याच वर्षांनी, पिकल्या वयात, माझ्या मांडीवर डोकं ठेवून. मी डोकं केलं, मिशी काढली. सुमन धुळ्याहून यायला दुपार झाली. ती दारात आली, आबाच्या पायाशी बसली, खूप रडली. मग मान वर करून तिनं माझ्याकडं पाहिलं, माझ्या मोकळ्या ओठाकडं. मग माझा हात हातात घेऊन, फक्त मला ऐकू येईल असं म्हणाली,

"भाऊ, या बारीला मी कोनत्या विषयात गेली रे?"